मिशीवाला सील

५ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

काल संध्याकाळी घरी पोचलो. पिशव्या अजून दाराशीच पडल्या आहेत आणि जिथे हात घालावा तिथून तुमच्या किनाऱ्याची वाळू निघते आहे. तुझ्या दादाच्या बुटातून तर अख्खा शिंपला निघाला. त्याने तो माझ्या हातात असा ठेवला, जणू मीच तिथे लपवला होता.

तुझ्या गावात फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते आणि चढून गेल्यावर दम लागलेला असतो, म्हणून पत्र. शिवाय निघताना तू मला दटावलंस, "वहिनी, मी होडीवर कशी वाटले ते खरं लिही. गोडगोड लिहिणार असशील तर लिहूच नकोस." जिचं पोट पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्यावर चालतं तिला हे सांगायची गरज नव्हती. माझी अडचण उलटी आहे. एखादी गोष्ट चांगली वाटली की मी ती पुन्हा तपासते. खरंच चांगली होती, की नणंदेची म्हणून वाटली?

तर पुन्हा तपासून लिहिते.

सकाळी तू कामाला गेलीस आणि मी एकटी कड्यावरच्या पायवाटेने निघाले. तुझा दादा आला नाही. "मी तिला परत न्यायला आलोय, सहलीला नाही. आणि त्या होडीत तर पाय ठेवणार नाही," असं त्याने टूथब्रश तोंडात धरून जाहीर केलं. विमा कंपनीतला माणूस. जगात कुठे काय बुडू शकेल हेच त्याला आधी दिसतं. मी म्हटलं बरं, आणि दोघांच्या वाटची बिस्किटं घेऊन निघाले.

किनारा इतका देखणा आहे हे तू कधी धड सांगितलं नाहीस. कड्याच्या पोटाला पांढऱ्या रंगाचे फराटे दिसले, म्हटलं वा, संगमरवर. जवळ गेल्यावर वासावरून कळलं की पक्ष्यांची कृपा आहे. खाली खडकावर पाणकावळे पंख पसरून उभे होते, दोरीवर कोट वाळत घालावेत तसे. एक सुरय पक्षी पाण्यावर सूर मारायचा, रिकाम्या चोचीने वर यायचा आणि इकडेतिकडे बघायचा, कोणी पाहिलं तर नाही ना. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

मग प्रवाशांना समुद्रातले प्राणी दाखवायची तुझी दुपारची फेरी. तुझ्या अंगावर ते नारिंगी लाइफ जॅकेट, गळ्यात दुर्बीण, आणि आवाज तोच, शाळेतला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. चूक काढायची तर एकच: डॉल्फिन दिसले तेव्हा तू त्यांच्याकडे पाठ करून आमच्याशी बोलत राहिलीस आणि ते निघून गेले. बाकी उत्तम.

आणि मग तो सील. तू बोट ओठांवर ठेवलंस, कप्तानांनी इंजिन बंद केलं, आणि सगळी होडी श्वास रोखून त्या खडकाजवळच्या काळ्या डोक्याकडे बघत राहिली. तू कुजबुजत सांगत होतीस ते माझ्या अजून कानात आहे. "म्हातारा नर असावा. मिशा बघा केवढ्या! दिवसातला बराच वेळ नुसता पडून असतो. पिल्लं वाढवण्यात याचा हात नसतो, सगळं मादी बघते. आपल्या खडकावर कोणी आलं की मोठमोठ्याने आवाज करतो, पण तो नुसता देखावा. लक्ष दिलं नाही की आपोआप गप्प होतो." मग तो तीनदा फुसफुसला. तू म्हणालीस, "नाकपुड्या मोकळ्या करतोय." मग त्याने एक हात वर केला. तू म्हणालीस, "पर हवेत धरून अंग निववतोय."

इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुठल्याच पुस्तकात तपासलेलं नाही.

मुख्याध्यापिकांनी तुझी शाळेतली जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे आणि कप्तान तुला ठेवायचं की नाही ते अजून बोलत नाहीत, हे मी विसरलेले नाही. तुझा दादा परत आल्यापासून त्या विषयावर चकार शब्द काढत नाही. त्याला सर्दी झाली आहे. सारखा शिंकतो.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. ती लिहावी की नाही ते ठरत नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
वहिनी

१३ ऑगस्ट

वहिनी,

"ठरत नाही म्हणून थांबते" असं लिहून पाकीट बंद करणारी बाई जगात एकच असेल. काय लिहायचं होतं ते लिहून टाक. दादा पुन्हा काही बोलला असेल. बोलू दे. मला आता त्याची भीती वाटत नाही, कारण माझ्या पाठीशी एक मिशीवाला उभा आहे.

अगं, त्या सीलने माझं नशीब उघडलं! त्या फेरीतल्या लोकांनी गावभर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जो येतो तो विचारतो, "तो म्हातारा दिसेल का?" मिशीवाला, मिशीवाला करून गावाने त्याचं बारसंही उरकलं. आमचे कप्तान, ज्यांच्या तोंडून मी आजवर 'चला' आणि 'बरं' याखेरीज काही ऐकलं नव्हतं, त्यांनी स्वतः ब्रश घेऊन धक्क्यावरच्या फळ्यावर त्याचं चित्र काढलं. मिशांची टोकं खाली पडलेली, कपाळाला आठी. रोज येताजाता बघते. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो, पण कुठे ते आठवत नाही.

एकच वाईट. तो पुन्हा दिसला नाही. प्रत्येक फेरीला त्या खडकाशी थांबतो. पाणकावळे दिसतात, शेवाळ दिसतं, एकदा कुणाची तरी चप्पल दिसली.

आता महत्त्वाचं. समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत, कप्तानांच्या ओळखीच्या. इतक्या मोठ्या मिशांचा एकांडा नर या बाजूला कित्येक वर्षांत कोणी पाहिलेला नाही, असं त्या म्हणतात. महिनाअखेरीस त्या येणार. त्या आल्या आणि त्यांना पटलं तर मला कायम करायचं, असं कप्तानांच्या मनात दिसतंय. म्हणजे त्यांनी तसं म्हटलं नाही, पण परवा त्यांनी मला होडीवरचा चांगला पेला चहाला दिला, आणि तो ते कोणाला देत नाहीत. शाळेला मग मी खुशाल 'नाही' म्हणून कळवीन.

त्या बाईंना दुसऱ्या साक्षीदाराचंही लेखी वर्णन हवंय. तिथे मला तुझ्याहून भरवशाचं कोण सापडणार? स्वल्पविराम चुकला तर रात्रभर झोपत नाहीस तू. लांबी, रंग, मिशा, काय काय केलं, सगळं लिहून पाठव. जे पाहिलंस तेच लिही.

माझ्या खोलीचं काय विचारतेस. खाली जॅकेटं वाळत असतात, त्यांचा ओला वास जिन्याने वर येतो, आणि सकाळी खिडकी उघडली की कुरव पक्षी आत बघून माझ्या पसाऱ्यावर टीका करतो. अगदी घरच्यासारखं वाटतं.

दादाला सांग, सर्दीवर वाफ घे. आणि त्या दिवशी मी परत आले तेव्हा तो एवढा वेळ न्हाणीघरात काय करत होता? निरोपही धड घेतला नाही.

तुझी,
वन्सं

१७ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

साक्षीदाराचं वर्णन लिहायला बसले. तू म्हणालीस जे पाहिलंस तेच लिही. तर घे.

लांबी: पाच फूट सात इंच. वजन: गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून जास्त. रंग: काळा, कारण अंगात भाड्याने घेतलेला रबरी पोशाख आणि कानांवर रबरी टोपी होती. मिशा: मी स्वतः दर रविवारी कात्रीने सरळ करून देते. फुसफुसणे: शिंका. लग्नाच्या दिवसापासून ऐकते आहे, नेहमी तीनच येतात.

वन्सं, तो तुझा दादा होता.

आता तू पत्र खाली ठेवशील, खोलीत एक चक्कर मारशील आणि मग पुढचं वाचशील. मी थांबते.

मी त्याच वेळी का बोलले नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता उत्तरावर विश्वास राहिलेला नाही. पहिल्यांदा खात्री नव्हती. दूरचा चष्मा मी सकाळच्या पिशवीबरोबर खोलीत विसरले होते. मग पहिली शिंक आली आणि खात्री झाली, पण तुझं बोट ओठांवर होतं आणि सगळी होडी गप्प होती. एवढ्या शांततेत "अहो, हा माझा नवरा आहे" असं ओरडायला वेगळीच हिंमत लागते. आणि तिसरं कारण, जे मला लिहायचं नव्हतं: मला पुढचं ऐकायचं होतं. "दिवसातला बराच वेळ नुसता पडून असतो" असं तू म्हणालीस तेव्हा एवढ्या वर्षांत कोणीतरी माझी बाजू मांडतंय असं वाटलं. मी चुकले. पण मला फार बरं वाटलं, हेही खरं आहे.

तो तिथे का होता ते परतीच्या गाडीत कळलं. होडीत पाय ठेवणार नाही असं तो बोलून बसला होता. मग शब्द मोडायचा कसा? आणि तू काम कशी करतेस ते बघायचं तर होतंच. म्हणून आम्ही निघाल्यावर हा किनाऱ्यावर गेला, पोशाख भाड्याने घेतला आणि तू रोज जिथून जातेस त्या खडकामागे पोहत जाऊन बसला. तुला परत न्यायला आलेला माणूस, बघ. तुझा आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू येतो म्हणाला.

आता खरी गोम ऐक. आपण त्याला सील समजलो हे त्याला माहीतच नाही! त्याची पक्की समजूत आहे की तू त्याला ओळखलंस आणि मुद्दाम, भरल्या होडीसमोर, त्याची हजेरी घेतलीस. आळशी, मुलांकडे न बघणारा, नुसता आरडाओरडा करणारा, लक्ष दिलं नाही की गप्प बसणारा. एकेक शब्द त्याने अंगाला लावून घेतला आहे. गाडीत त्याने खिडकीची काच दोनदा खालीवर केली. मग एकदम म्हणाला, "चारचौघांत बोलायला नको होतं तिने. पण बोलली ते खोटं नाही."

"काय बोलली?" मी विचारलं.

"तू होतीस ना होडीत! मुलांचं सगळं तूच बघितलंस, हे तिला दिसतं, मला दिसलं नाही." मग शिंकला. मग म्हणाला, "राहू दे तिला तिथे. मी आता आवाज करणार नाही."

तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण वन्सं, त्या रात्री त्याने जेवणानंतर सगळी ताटं घासली. नीट नाही घासली, मी पुन्हा घासली, पण घासली. कारकून होऊन बाहेरगावी राहणाऱ्या आपल्या थोरल्याला त्याने आपणहून पत्र लिहिलं. मला वाटलं, ज्या चुकीतून एवढं बरं निघतंय ती मी कशाला दुरुस्त करू? ही मी, जी परक्या लेखकाच्या एका काना-मात्रेसाठी छापखाना थांबवते!

पण तू साक्ष मागितलीस आणि खोटी साक्ष माझ्याने लिहवत नाही. त्या बाई यायच्या आत कप्तानांना सांगायला हवं. दादाला सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्याला खरं कळलं तर काय म्हणेल ते मला पाठ आहे: जिला सख्खा भाऊ आणि जनावर यांतला फरक कळत नाही तिला म्हणे लोकांना प्राणी दाखवायचेत. मग पुन्हा शाळा, पुन्हा पेन्शन, पुन्हा तेच.

रागावलीस तर रागव. पण गप्प बसू नकोस.

तुझी,
वहिनी

२२ ऑगस्ट

वहिनी,

रागावले. चांगली दोन दिवस रागावले. तुझ्याशी मनातल्या मनात भांडताना जिन्यात आवाज झाला, तर खालच्या बाईंनी विचारलं, पाहुणे आलेत का. मग 'वजन' वाचून हसू आलं आणि राग टिकेना. तुझं हे नेहमीचंच आहे. भांडायलाही धड जागा ठेवत नाहीस.

फळ्यावरचं चित्र जाऊन पुन्हा बघितलं. वहिनी, मला कसं ओळखू आलं नाही! कपाळाची आठीसुद्धा तीच.

कप्तानांना सांगितलं. ते दोर गुंडाळत होते. मी सगळं सांगितलं, रबरी टोपीसकट. त्यांनी दोर पूर्ण गुंडाळला, खुंटीला लावला, म्हणाले, "बरं." मग ओलं फडकं घेऊन फळा पुसायला गेले. मिशा लवकर जाईनात. त्या बाईंना येऊ नका म्हणून मीच कळवलं. तेव्हापासून आम्ही रोज फेऱ्या करतो आणि ते माझ्याशी 'चला' एवढंच बोलतात. चहा पुन्हा कान तुटलेल्या पेल्यात येतो.

त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आता मला माझाच भरवसा वाटेनासा झालाय. काल पाण्यात काहीतरी काळं दिसलं आणि मी तोंड मिटून बसले. कोणीतरी विचारलं, "तिकडे काय आहे हो?" मी म्हटलं, "काही नाही." ते बहुतेक काहीतरी होतं. शाळेत असताना मी पुस्तकातलं शिकवायचे, पुस्तक तुझ्यासारख्या कोणीतरी तपासलेलं असायचं. इथे मागे कोणी तपासणारं नाही. मी खडकाकडे बोट दाखवून "म्हातारा नर" म्हटलं की वीस माणसं मान डोलावतात. हे फार भीतीचं आहे, हे मला आता कळलं.

म्हणून मुख्याध्यापिकांना 'परत येते' असं पत्र लिहून ठेवलंय. टाकलेलं नाही अजून. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, टाकीन.

आणि दादाचं. तू ठरव म्हणालीस. ताटं घासतोय हे ऐकून सगळं तसंच राहू द्यावं असा मोह झाला, पण ज्या बोलण्याचा मान माझा नाही तो मी कसा घेऊ? मी त्याला ओळखलं नव्हतं. मी त्याला काहीही सुनावलं नाही. याच टपालाने त्यालाही तसं स्पष्ट लिहितेय, शाळेत परत येतेय हेही. तुझ्या ताटांबद्दल मला क्षमा कर.

तुझी,
वन्सं

२५ ऑगस्ट

धाकटे,

मी घरच्या माणसांना पत्रं लिहीत नाही. मी दाव्यांची उत्तरं लिहितो. त्यामुळे भाषा कोरडी वाटली तर समजून घे. वहिनीने तपासून देऊ का विचारलं होतं. नको म्हटलं.

तुझं पत्र मिळालं. त्यातला मजकूर मला समजायला वेळ लागला. तुझा भाऊ तुला सील वाटला. एवढ्या वाक्यावर मी ऑफिसात अर्धी सकाळ घालवली. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, काय बुडालं? मी म्हटलं, मीच.

तुझी अपेक्षा असेल की आता मी म्हणेन, बघ, सांगितलं नव्हतं? तसं लिहायला बसलोही होतो. पण मग हिशेब जुळेना. गेले काही आठवडे मी मनात तुला रोज उत्तरं देत होतो. तू आळशी म्हणालीस, मी म्हणायचो, कसा काय; आणि मग माझ्या लक्षात यायचं, कसा ते. आता कळतं की मला कोणी काही बोललंच नव्हतं. तरी ते सगळं मला लागू पडलं. ही चूक तुझी म्हणायची की माझी? माझ्या मते माझी. तू सीलचं वर्णन बरोबर केलं होतंस.

ताटं मी अजून घासतो. वहिनी पुन्हा घासते ते मला माहीत आहे.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्या वहिनीलाही काल रात्रीपर्यंत सांगितली नव्हती. मी खडकामागे बसून होतो हे खरं, पण तुमची होडी जवळ येताना दिसली तेव्हा घाईने पाण्यात उतरलो आणि माझ्या पायात गोळा आला. असा की पाय माझा आहे की नाही कळेना. मी पाठीवर पडून राहिलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. हात वर केला तो अंग निववायला नव्हे. हाक मारायची होती. मग होडीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली दिसली, त्यांत तू, आणि मी हात खाली घेतला. एवढा मी मूर्ख आहे. विम्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते लिहीत नाही.

मला भीती एकाच गोष्टीची होती, की होडी जवळ येईल. फोटो काढायला लोक नेहमी जवळ जायला लावतात, असे दावे माझ्याकडे येतात. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलंही, "थोडं पुढे घ्या ना!" तेव्हा तू काय म्हणालीस ते तुला आठवतं का? तू म्हणालीस, "नाही. तो एकटा आहे आणि घाबरलेला दिसतोय. आपण इथूनच बघू. त्याला जिथे जायचंय तिथे तो पोचेपर्यंत इंजिन सुरू होणार नाही." आणि तुम्ही थांबलात. कोणी पुटपुटलं, कोणी घड्याळ बघितलं, तू हलली नाहीस. गोळा हळूहळू सुटला. मी हातांनी पाणी मारत खडकामागे गेलो, तेव्हा कुठे इंजिनचा आवाज आला.

मला वाटलं होतं, बहीण आहे, रागावली तरी भावाची काळजी घेतली. आता तू लिहितेस की तू मला ओळखलंच नव्हतंस. म्हणजे एका अनोळखी जनावरासाठी तू भरलेली होडी थांबवून धरलीस.

माझं काम जन्मभर एवढंच राहिलं आहे, की कोणाच्या हाती माणसं सुरक्षित आहेत ते ठरवायचं. तेव्हा माझं मत लेखी देतो. तू शाळेत परत जाऊ नकोस. ते पत्र टाकलं असशील तर मला कळव, मी मुख्याध्यापिकांना भेटून परत मागून आणीन. त्या मला ओळखतात. त्या तरी ओळखतात.

तुझा,
दादा

ता.क. सर्दी बरी आहे.

३ सप्टेंबर

वहिनी,

दादाचं पत्र धक्क्यावर उभी राहून वाचलं. कप्तान शेजारी होते. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत केलं आणि म्हणाले, "जनावराला पोहता येत नव्हतं तर." आमच्या ओळखीतलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य. मग आम्ही दोघं इतके हसलो की जॅकेटं घालून उभे असलेले प्रवासी आपापली जॅकेटं तपासायला लागले.

पत्र मी टाकलं नव्हतं. दादाला सांग, मुख्याध्यापिकांकडे जायचे कष्ट वाचले. महिनाअखेरीला त्यांना दुसरं पत्र लिहिलं, माझी जागा कोणाला तरी द्या म्हणून. पोटात अजून गोळा येतो, पण तरंगतेय. कप्तानांनी पुढच्या मोसमाचं काही म्हटलं नाही. फक्त हिवाळ्यात होडी रंगवायची आहे, तुमच्या मापाचे जुने कपडे काढून ठेवा म्हणाले.

दादाने गोळ्याचं तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस? त्याने लिहिलं नाही. फार बोलू नकोस त्याला. थोडं बोल.

काल दुपारच्या फेरीला दूर पाण्यात पुन्हा काहीतरी काळं दिसलं. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. सगळे वळले. बाकावरच्या आजीबाईंनी विचारलं, "काय आहे गं ते?" मी म्हटलं, "मला माहीत नाही, आजी." एवढं बोलले आणि वाटलं, संपलं, आता सगळे हिरमुसणार. पण कोणी हिरमुसलं नाही. सगळे आणखी पुढे वाकून बघायला लागले.

इतके महिने इंजिन कधी बंद करायचं ते कप्तान स्वतः ठरवत आलेत. त्या दिवशी दादापाशी मी थांबवलं तेवढंच. काल त्यांनी सुकाणूवरून मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "थांबायचं?"

"थांबायचं," मी म्हटलं.

ओंडका निघाला, वहिनी. पण सगळ्यांनी तो अगदी मन लावून पाहिला.

तुझी,
वन्सं